परदेशी कायद्याच्या धाकाने आपले गादे वाचणार असतील तर मला चालेल

सागरगोटा

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेचा एक नियम लागू झालाय. डॉल्फिन, व्हेल, सील वगैरे प्राणी जाळ्यात मरू नयेत म्हणून अमेरिकी मच्छीमारांवर जी बंधनं आहेत, त्यांच्या तोडीची बंधनं जिथे नाहीत तिथला मासा विकत घ्यायचा नाही. मूळ कायदा १९७२ चा, मरीन मॅमल प्रोटेक्शन अ‍ॅक्ट. त्यातलं आयातीचं कलम कित्येक वर्षं नुसतं कागदावर होतं. २०१६ मध्ये नियम केले, देशांना पाच वर्षं दिली, मुदत वाढवली, परत वाढवली, पर्यावरणवाले कोर्टात गेले, तेव्हा कुठे २०२५ मध्ये यादी लागली. ४६ देशांतल्या २४० प्रकारच्या मासेमारीला नकार. रशिया, इराण, व्हेनेझुएला यांना तर सरसकट नकार. सरसकट नकार मिळालेल्यांत आपण नाही.

आमच्या ग्रुपवर यावर जे फिरतंय ते 'अमेरिकेची दादागिरी' एवढंच. माझं मत वेगळं आहे.

आपला वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच. त्यांच्यापेक्षा महिनाभर आधीचा. डॉल्फिन आणि व्हेल त्यात अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्या पंगतीला. पण कोकणात गाद्याची शिकार करायला जातो कोण? (कोकणाबाहेरच्यांसाठी: गादा म्हणजे आपल्या किनाऱ्यालगत दिसणारा, पाठीवर वशिंड असलेला डॉल्फिन.) तो मरतो जाळ्यात. हवा घ्यायला वर येता येत नाही आणि गुदमरतो. शिकारीला शिक्षा देणाऱ्या कायद्याला या मरणाचं करायचं काय हेच कळत नाही, कारण इथे शिकारी कोणीच नाही. असे वर्षाला किती मरतात याचा नियमित हिशोब ठेवणारी यंत्रणा या कायद्याने पन्नास वर्षांत उभी केली नाही.

मोजदाद मनावर घेतली कधी, तर अमेरिकेने विचारल्यावर. कोचीच्या सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) आपल्या समुद्रातल्या या प्राण्यांची पाहणी हाती घेतली ती निर्यात अडकू नये म्हणून. हेतू काहीही असो, मोजायला लागलो ना?

आणि हा मार्ग चालतो याचा पुरावा आहे. पूर्व पॅसिफिकमध्ये पिवळ्या पराचा ट्यूना डॉल्फिनच्या कळपाखालून पोहतो. का, ते अजून पक्कं माहीत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून बोटींनी सोपी युक्ती काढली: डॉल्फिन दिसले की त्यांच्याभोवतीच गोल जाळं टाकायचं, ट्यूना आपोआप आत येतो. यात मेलेल्या डॉल्फिनचा अंदाज ६० लाखांहून जास्त आहे. मग हा कायदा आला, कज्जेदलाली झाली, १९९० मध्ये डब्यांवर 'डॉल्फिन सेफ' शिक्का आला आणि त्या दशकात त्या भागातल्या देशांनी करार करून प्रत्येक मोठ्या बोटीवर निरीक्षक बसवला. आता तिथला आकडा वर्षाला हजाराच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. गंमत म्हणजे जाळं तेच. फक्त अर्धं जाळं ओढून झालं की बोट मागे घेतात, त्या ओढीने पलीकडची बुचांची कड पाण्याखाली जाते आणि डॉल्फिन त्यावरून निसटतात. ट्यूना खालीच राहतो. ही युक्ती मच्छीमारांचीच होती. ती दर वेळी करायला लावली कायद्याने.

तेव्हा दादागिरी तर दादागिरी. बोला.

शेवंड

व्वा. अमेरिका म्हणेल तो धर्म.

याला जुन्या भाषेत बाजार राखणं म्हणतात. हाच ट्यूना घेऊन १९९१ मध्ये मेक्सिको गॅटच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या आधीचा व्यापार करार) पंचांकडे गेला होता आणि पंचांनी मेक्सिकोच्या बाजूने कौल दिला होता. तुझ्या जाळ्याची रीत आवडली नाही म्हणून तुझा मासा अडवतो, असं करता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. पुढे कोळंबी आणि कासवांचं प्रकरण झालं. त्यात भारत स्वतः फिर्यादी होता, मलेशिया, पाकिस्तान, थायलंडबरोबर. १९९८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेतही अमेरिकेची रीत भेदभावाची ठरली. हे सोडून तुम्ही फक्त डब्यावरचा शिक्का सांगताय.

सागरगोटा

@शेवंड, १९९८ चा निकाल अर्ध्यावर सोडलात. कासवं वाचवण्यासाठी आयात रोखणं मुळात बसतं, फक्त सगळ्या देशांना सारखं वागवा आणि आधी बोलणी करा, असं त्यात होतं. अमेरिकेने रीत बदलली. मलेशिया पुन्हा गेला आणि २००१ मध्ये हरला. मेक्सिकोचा कौल तर गॅटने कधी रीतसर स्वीकारलाच नाही. नंतर शिक्क्यावरून मेक्सिको पुन्हा जागतिक व्यापार संघटनेत दहा वर्षं भांडला आणि २०१८ मध्ये हरला.

आणि हे फक्त गरिबांसाठी नाही. २०२२ मध्ये याच कलमाखाली अमेरिकी व्यापार न्यायालयाने न्यूझीलंडच्या काही माशांची आयात थांबवली होती. कारण तिथला माउई डॉल्फिन, जो आता पन्नाससाठच उरलाय. न्यूझीलंड काही सोमालिया नाही.

हर्णैकर

सागरगोटा साहेब, लिहिलंय छान. आता बोटीवरून दिसतं ते सांगतो.

आमची जाळी बांगड्याची, तरती. संध्याकाळी टाकायची, पहाटे ओढायची. गादा जाळ्याला लागून चरतो. तुम्ही जाळं ओढता तेव्हा एका ओळीत बांगड्याची नुसती मुंडकी अडकलेली येतात, धड गायब. त्याच्या पुढे हातभर भोक. दुसरं भोक, तिसरं. आमच्याकडे म्हाताऱ्यांचा अर्धा दिवस जाळी विणण्यात जातो तो उगाच नाही. त्याचा राग येतो का? येतो. म्हणून त्याला मारतो का? नाही. गादा आला म्हणजे खाली मासा आहे हे आम्हालाही कळतं.

तो अडकून मरतो हेही खरं. लपवत नाही. पण मेला तर आम्ही काय करतो सांगू? पाण्यात सोडून देतो आणि घरी कोणाला बोलत नाही. किनाऱ्यावर आणला तर बोट कोणाची, तांडेल कोण, खलाशी किती, पंचनामा, जबाब. एक दिवसाचा डिझेल-बर्फ बुडाला तर कोण देणार? तुम्ही म्हणता हिशोब नाही. हिशोब आमच्याकडे आहे, सांगायची सोय नाही.

आता तुमचा अमेरिकेचा मुद्दा. अमेरिकेला इथून जातं काय? मुख्यतः वेनामी कोळंबी, आंध्रातल्या तळ्यातली. तळ्यात गादा कुठून येणार? आमचा बांगडा, बोंबील, सौंदाळा मुंबईला जातो आणि तुमच्या ताटात येतो. अमेरिकेने बाजार बंद केला काय, उघडा ठेवला काय, हर्णैच्या लिलावात कोणाला फरक पडत नाही. समुद्रातली कोळंबी तर कासवांच्या नावाने त्यांनी आधीच बंद केलीय. तुम्ही ज्या काठीने गादा वाचवायला निघालात ती काठी इथपर्यंत पोचतच नाही.

पापलेटप्रेमी

हर्णैकर +१. शेवटचा परिच्छेद लाखाचा.

गावठी गणित

ज्या देशात माणसं उपाशी आहेत तिथे डॉल्फिनवर चर्चा. चालू द्या.

सागरगोटा

@गावठी गणित, हे वाक्य कुठल्याही धाग्यावर चालतं. क्रिकेटच्या धाग्यावरही एकदा टाकून बघा.

@हर्णैकर, वेनामीचा मुद्दा मान्य, पण पुरता नाही. माकूळ (स्क्विड), पकडलेले मोठे मासे जातातच परदेशी, आणि सरकार निर्यात करणारं एकच असतं. एका देशाने माहिती मागितली की मोजणी सगळ्या किनाऱ्याची करावी लागते. जाळ्यात किती मरतात ते मात्र पाहणीच्या जहाजावरून दिसत नाही. ते तुम्हालाच माहीत.

कलमबहाद्दर

कायद्याबद्दल इतकं बोललं जातंय म्हणून नेमकं सांगते.

शिकारीवर बंदी कलम ९ ची. 'शिकार' या शब्दाची व्याख्या कलम २ मध्ये आहे आणि ती फार मोठी आहे. मारणं तर आलंच, पण पकडणं, सापळ्यात धरणं, इजा करणं, पाठलाग करून हाकलणं आणि यातलं काही करायचा प्रयत्नसुद्धा. अनुसूची १ मधल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षं कैद. २०२२ च्या दुरुस्तीने किमान दंड दहा हजारांचा पंचवीस हजार झाला आणि अनुसूचीतली नावंही नव्याने लावली गेली. दुरुस्ती अमलात आली १ एप्रिल २०२३ ला.

तेव्हा सागरगोटा म्हणतात तसं 'शिकारी कोणीच नाही' असं नाही. कागदावर बघाल तर हर्णैकरांची भीती खोटी नाही. जाळ्यात अडकला म्हणजे पकडला, असं म्हणायला जागा आहे. हेतू नव्हता हे सिद्ध करत बसायचं कोर्टात, आणि बोट तोपर्यंत बंदरात. प्रत्यक्षात असे खटले कोणी भरत नाही, कारण वनखात्यालाही कळतं. म्हणजे कायदा आहे पण वापरायचा नाही, आणि वापरायचा नाही म्हणून बदलायचाही नाही. भीती मात्र शिल्लक. या भीतीनेच आकडे समुद्रात बुडतात.

महाराष्ट्राने एक चांगली गोष्ट केली आहे, ती सांगायला हवी. डिसेंबर २०१८ पासून, जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी जाळं कापून जिवंत सोडला तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाची योजना. कासवं, देवमुशी, डॉल्फिन बरेच सुटलेत त्यात. पण तिची चौकट बघा. जिवंत सोडला तर पैसे. मेला तर काही नाही, उलट धोका. सरकारी दप्तरात सुटलेले जनावर दिसतं, मेलेलं दिसतच नाही.

हर्णैकर

ताई, बरोबर बोललात. त्यात आणखी एक. सोडल्याचा फोटो-व्हिडिओ लागतो. पहाटेच्या काळोखात तिघं जाळ्यावर, एक सुकाणूवर. कापायचं कोणी आणि फोटो काढायचा कोणी? तरी पोरं काढतात आता, मोबाइल आलेत. योजना वाईट नाही. पण गादा जाळ्यात बहुधा मेलेलाच येतो. कासव तग धरतं, गादा नाही धरत.

मांडवीपार

गोव्यातून. 'पाठलाग करून हाकलणं' वाचून हसू आलं. आमच्याकडे बोर्डच असतो, नो डॉल्फिन नो पे. डॉल्फिन नाही दिसला तर पैसे परत. म्हणजे बोटवाल्याला तो दाखवावाच लागतो. एका गाद्याच्या मागे पाच-सहा बोटी, इंजिनं फुल, एक या बाजूने एक त्या बाजूने, मध्ये पिल्लू आईला चिकटून. पर्यटक टाळ्या वाजवतात. तारकर्लीला, दापोलीकडे मुरुडला काय वेगळं आहे?

हर्णैकरांसारख्यांना भीती घालण्यापेक्षा हा कायदा इथे वापरा की. इथे हेतू सिद्ध करायचीही गरज नाही, तिकिटावर छापलेला आहे.

शेवंड

@मांडवीपार, पर्यटन बोटवाले कोण आहेत? ज्यांची मासेमारी बुडाली तेच. यांत्रिक नौकांनी आणि एलईडीवाल्या पर्ससीनने (थव्याला वेढा घालणारं मोठं जाळं) मासा ओरबाडला म्हणून त्यांनी जाळं ठेवलं आणि लाइफ जॅकेट घेतली. आता त्यांच्यावरही कायदा. मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर केलं, २९ चौरस किलोमीटरचं. गावाला विचारलं नाही. आजतागायत तिथे अभयारण्य म्हटलं की माणूस चिडतो. तिकडे डहाणूजवळ ७६ हजार कोटींचं वाढवण बंदर होतंय, समुद्रात भराव, गाळउपसा, जहाजांची रांग. त्याला मंजुरी मिळते. बंदराच्या वेळी गादा कोणाला आठवत नाही, कोळ्याच्या जाळ्यात दिसला की मात्र आठवतो.

आणि कडक कायद्याने प्राणी वाचतो याची हमी काय? कॅलिफोर्नियाच्या आखातातला वाकिटा बघा. जगातला सगळ्यात छोटा पॉर्पॉइज, म्हणजे डॉल्फिनचा ठेंगणा भाऊबंद. मेक्सिकोने त्याच्यासाठी राखीव क्षेत्र केलं, २०१७ मध्ये गिलनेट जाळी कायमची बंद केली, आरमार उतरवलं. उरलेत किती? दहाच्या आसपास. कारण टोटोआबा नावाच्या माशाच्या पोटातल्या पिशवीला चीनमध्ये सोन्याचा भाव. (आपल्या घोळीच्या पिशवीला येतो तोच प्रकार, पालघरवाले सांगतील.) कायदा पूर्ण, वाकिटा संपत आला.

सागरगोटा

वाढवणबद्दल शंभर टक्के सहमत. पण त्यावरून निष्कर्ष 'बंदरालाही लावा' असा निघतो, 'कोणालाच लावू नका' असा नाही.

वाकिटाच्या बाबतीत बंदी आली तेव्हा जनावर तीसच उरलं होतं. उशीर झालेला कायदा आणि निरुपयोगी कायदा यांत फरक करा.

न्यूजर्सीकर

इथे पूर्व किनाऱ्यावर राहतो, म्हणून दोन्ही बाजूंचं थोडं थोडं.

आधी शेवंड यांना आवडेल असं. अटलांटिकचा राइट व्हेल ३८० च्या आसपास उरलाय. मरतो दोन कारणांनी: जहाजाची धडक, आणि लॉबस्टरच्या पिंजऱ्यांचे दोर. दोर तोंडात, परात अडकतो, व्हेल महिनोन्‌महिने तो ओढत हिंडतो आणि मरतो. जहाजांसाठी २००८ पासून ठरावीक काळात ठरावीक पट्ट्यात १० नॉटची मर्यादा आहे. दोरांवरचे नियम मात्र कडक करायची वेळ आली तेव्हा मेन राज्याच्या खासदारांनी डिसेंबर २०२२ च्या अर्थसंकल्पी विधेयकात एक कलम घुसवलं आणि नवे नियम २०२८ च्या अखेरपर्यंत थांबवले. जो देश मांडवीच्या माशाला पासपोर्ट विचारतो, त्याने आपल्या लॉबस्टरला सहा वर्षांची सूट दिली.

आता दुसरी बाजू. या कायद्यातली मला सगळ्यात हुशार वाटणारी गोष्ट म्हणजे पीबीआर नावाचं गणित, वर्षाला किती मेले तरी कळप टिकेल ते काढायचं. कमीत कमी संख्या घ्या, ती वर्षाला जास्तीत जास्त किती वाढू शकते त्याच्या निम्म्याने गुणा, आणि वर सुरक्षिततेचा एक गुणक लावा. डॉल्फिन-व्हेलसाठी वाढीचा दर साधारण ४ टक्के धरतात. समजा सिंधुदुर्गात नक्की एक हजार गादे आहेत (उदाहरण आहे, आकडा नाही). हजार गुणिले दोन टक्के म्हणजे वीस, गुणक अर्धा धरला तर दहा. वर्षाला माणसाच्या हातून दहापर्यंत मेले तर कळप टिकेल. अकरावा मेला की उपाय करायचा. राइट व्हेलसाठी हाच आकडा एकाच्याही खाली येतो.

हे गणित शून्य मरण मागत नाही, म्हणून प्राणीप्रेमींना रुचत नाही. पण ते मच्छीमाराला गुन्हेगार न म्हणता हिशोबात घेतं. आणि कायद्यात अलास्काच्या मूळ रहिवाशांना पोटापुरत्या शिकारीची मुभा आहे. ते बोहेड व्हेल आजही मारतात, कोटा ठरवून, आणि तिथला बोहेड वाढतोय.

परिणाम म्हणाल तर, उन्हाळ्यात इथल्या किनाऱ्यावरून उभ्याउभ्या कुबडे (हंपबॅक) व्हेल दिसतात, बंकर माशांचा थवा तोंडात घेऊन उसळतात. जुने लोक सांगतात पूर्वी असं नव्हतं. याला बंकर माशाच्या पकडीवरची मर्यादाही कारण आहे.

आरमार

'बाहेरच्यांनी आपल्या समुद्रात नाक खुपसू नये' म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच समुद्रातली हकिकत.

१९६० च्या दशकाच्या मध्यात सोव्हिएत व्हेलमारी ताफा अंटार्क्टिकाला जाता जाता अरबी समुद्रात शिरला. ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या पलीकडे त्याने २४२ कुबडे व्हेल मारले, बहुतेक सगळे १९६६ च्या एका नोव्हेंबरात. सोव्हिएत संघ आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाचा सदस्य होता. त्यांनी दिलेले आकडे खोटे होते. जगभर त्यांनी लपवलेल्या व्हेलची बेरीज एक लाख ऐंशी हजारांच्या घरात जाते. हे उघड झालं १९९३ मध्ये, रशियाच्याच अलेक्सेई याब्लोकोव्ह या शास्त्रज्ञाने सांगितलं तेव्हा.

अरबी समुद्रातले कुबडे व्हेल इतरांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत. इथेच राहतात, इथेच वितात. ओमानच्या बाजूला शंभरही नसावेत असा अंदाज आहे. एका महिन्यात जे गेले ते साठ वर्षांत भरून आलेलं नाही. ओमानजवळ टॅग लावलेली लुबान नावाची मादी २०१७ च्या हिवाळ्यात सरळ समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याला आली आणि परत गेली. तिला कुठल्या देशाचा कायदा लावायचा?

सोव्हिएत खोटेपणा कमी कधी झाला, तर १९७२ मध्ये एकमेकांच्या जहाजांवर परक्या देशाचे निरीक्षक बसायला लागल्यावर. नियम आधीही होते. बघणारा नव्हता.

शेवंड

छान हकिकत. आणि व्यापारी व्हेलमारीवर १९८२ मध्ये बंदीचा ठराव झाल्यावर नॉर्वेने सरळ आक्षेप नोंदवला आणि मधली काही वर्षं सोडली तर मारत राहिला. जपान 'संशोधन' म्हणत मारत राहिला आणि २०१९ मध्ये आयोगच सोडून गेला. बलवानाला कायदा ऐच्छिक विषय असतो.

आरमार

जपानचं उरलेलं पण सांगा. २०१४ मध्ये हेगच्या न्यायालयाने ऑस्ट्रेलियाच्या दाव्यात १२ विरुद्ध ४ मतांनी त्यांची अंटार्क्टिकातली शिकार 'संशोधनासाठी' नाही असं ठरवलं. आयोग सोडल्यावर जपान अंटार्क्टिकातून निघाला तो निघालाच. आता स्वतःच्या पाण्यात मारतो. तुम्हाला हे काहीच नाही असं वाटतं?

शेवंड

मला वाटतं व्हेलचं मटण खाणारे जपानी म्हातारे झाले आणि धंदा परवडेना. कोर्टाचं नाव झालं.

गावठी गणित

व्हेलची उलटी कोटीला जाते म्हणे. त्यावर पण कायदा आहे का?

कलमबहाद्दर

आहे. जवळ बाळगली तरी गुन्हा. आणि तुम्ही चेष्टेत विचारलंत पण इथेच खरी गोम आहे. आपल्याकडे व्हेल पेपरात येतो तो दोनच वेळा. वाहून आला तर, किंवा कोणीतरी लॉजवर उलटीचा गोळा विकताना पकडला गेला तर. स्पर्म व्हेलने टाकलेली, लाटांवर तरंगत आलेली वस्तू. ती उचलल्याने कुठला व्हेल मरतो? बाजार उघडला तर मारायला लागतील हा युक्तिवाद मला पटतो, म्हणून बंदी असू दे. पण पोलीस, वनखातं, कोर्ट यांचा जितका वेळ या गोळ्यांवर जातो त्याच्या दशांश जाळ्यातल्या मरणावर जात नाही.

वाहून आलेल्यांचं म्हणाल तर २०१५ मध्ये रेवदंड्याला ब्लू व्हेल आला, गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू आलं. लोक दिवसरात्र पाणी मारत, ओल्या कापडांनी झाकत उभे होते, टगबोटीने ओढून समुद्रात सोडलं, तरी वाचलं नाही. त्या गर्दीत मच्छीमारच जास्त होते हे लक्षात ठेवा. लोकांना जीव नकोय असं नाही.

मांडवीपार

मग उपाय काय तो सांगा कोणीतरी. नुसती भांडणं वाचतोय.

पापलेटप्रेमी

जाळ्याला आवाज करणारं यंत्र लावतात ना? पिंगर?

न्यूजर्सीकर

लावतात. न्यू इंग्लंडमध्ये हार्बर पॉर्पॉइजचं जाळ्यात मरणं त्याने बरंच कमी झालं. पण पॉर्पॉइज लाजाळू. डॉल्फिन धीट. जिथे ते जाळ्यातला मासा खायला सोकावलेत तिथे हाच आवाज त्यांना जेवणाची घंटा ठरू शकतो. हर्णैकरांनी मुंडक्यांचं सांगितलं ते वाचून मी तरी घाईने पिंगर सुचवणार नाही. आधी थोड्या जाळ्यांवर करून बघायला हवं.

त्यापेक्षा इथली एक साधी तरतूद सांगतो. ज्या मासेमारीत असे प्राणी अडकतात तिथल्या प्रत्येक बोटीची कायद्याने नोंद होते आणि तिला एक परवाना मिळतो. त्यात लिहिलेलं असतं की चुकून मेला तर गुन्हा नाही. अट एकच: जखमी झाला किंवा मेला तर फेरी संपल्यापासून ४८ तासांत कळवायचं. न कळवणं हा गुन्हा. म्हणजे मरण माफ, लपवणं नाही. लबाडी इथेही होते, म्हणून काही बोटींवर निरीक्षकही पाठवतात.

सागरगोटा

हेच! अमेरिकेकडून आयातबंदीची भीती घेण्याऐवजी हे कलम उचला की.

शेवंड

आता कशी गाडी रुळावर आली. तीन तासांपूर्वी 'दादागिरी तर दादागिरी' होती.

सागरगोटा

दादागिरी अजूनही चालेल. ती नसती तर हे कलम उचला असं म्हणायला आज कोणी बसलंच नसतं.

कलमबहाद्दर

उचलायचं तर दोन वाटा. वन्यजीव कायद्यात संसदेने दुरुस्ती करून अजाणता अडकण्याला अपवाद ठेवायचा. लांबची वाट, आणि त्यात वाघवाले घाबरतील की उद्या सगळेच 'चुकून' म्हणतील. दुसरी, राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा. परवाने त्यातूनच दिले जातात. त्या परवान्याला कळवण्याची अट जोडता येईल. पण राज्य केंद्राच्या गुन्ह्याला माफी देऊ शकत नाही. तेव्हा कळवणाऱ्यावर खटला भरायचा नाही, असं वनखात्याचं लेखी धोरण त्याच्या जोडीला लागेल. तोंडी नाही, लेखी.

हर्णैकर

लेखी पाहिजे. तोंडी आम्ही पुष्कळ ऐकलं.

माझं म्हणणं चार शब्दांत. बोटीवर माणूस बसवायचा तर बसवा, पण आधी ट्रॉलरवर आणि रात्री लाइट लावून मारणाऱ्या पर्ससीनवर. एलईडीला बंदी आहे २०१७ पासून, दिवे आम्हाला किनाऱ्यावरून दिसतात. तिथे निरीक्षक चढला की मग आमच्या छोट्या होडीवर या, चहा पाजतो. दुसरं, मेलेला गादा आणून दिला तर बुडालेल्या दिवसाचं काहीतरी द्या. शास्त्रवाल्यांना तो पोट फाडून बघायला हवाच असतो ना? मग फुकट कशाला? जिवंतला पंचवीस हजार, मेलेल्याला निदान डिझेलचे पैसे.

शेवंड

मेलेल्याला पैसे दिले की मेलेले वाढतील. बघाच.

हर्णैकर

शेवंड भाऊ, डिझेलच्या पैशासाठी गादा मारायला जाणारा आमच्या बंदरात एक दाखवा. तीन हजारांसाठी लाखाचं जाळं फाडून घेईल असा येडा अजून जन्मला नाही.

कलमबहाद्दर

शंका रास्त आहे, तिची सोयही आहे. रक्कम पकडीपेक्षा कमी ठेवायची आणि त्याच बोटीकडून वारंवार आले तर जाळं टाकायची जागा आणि वेळ बदलायला सांगायची. न्यूजर्सीकरांचा अकरावा गादा तो हाच. फक्त त्यासाठी आधी दहा कोणते ते ठरायला हवं, म्हणजे जिल्ह्यागणिक मोजणी, दर दोन-तीन वर्षांनी, आणि तिचा आकडा बंदरावर फळ्यावर लिहिलेला.

मांडवीपार

आणि नो डॉल्फिन नो पे?

कलमबहाद्दर

त्याला नवीन कायदा नको. पन्नास मीटरच्या आत इंजिन बंद, एका कळपामागे एकच बोट, आणि तो बोर्ड उतरवायचा. बोर्ड उतरवला की निम्मं काम झालं.

हर्णैकर

आणि ते ४८ तासांचं जे काय कराल त्याचा फॉर्म मराठीत ठेवा. एका पानाचा.